जुन्या ग्राफिक्स कार्डाला अल्ट्रावाइड मॉनिटर पेलत नाही, या दाव्याविषयी

सांगली-मिरजेतल्या संगणक वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: ज्यांच्याकडे सहा-आठ वर्षांपूर्वीचे ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी ३४ इंची, १४४ हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) अल्ट्रावाइड, अर्थात जास्त रुंद, मॉनिटर घेऊ नये, कारण तो ६० हर्ट्झच्या पुढे जात नाही, कार्ड तापून जळते, गेम चालत नाहीत आणि सेकंदाला १४४ फ्रेम (कार्डाने तयार केलेली चित्रे) मिळत नसतील तर १४४ हर्ट्झला मोजलेले पैसे पाण्यात जातात, तेव्हा आधी नवे कार्ड घ्यावे. यातील एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे मुद्दे चित्र तयार करणे आणि तयार चित्र पडद्यापर्यंत पोहोचवणे ही कार्डाची दोन वेगळी कामे एकच समजल्यामुळे आलेले आहेत.

‘६० च्या पुढे जात नाही’ हा मुद्दा सर्वांत जास्त पसरला आहे, म्हणून तो नीट तपासू. अशा मॉनिटरच्या ३४४० × १४४० या नेहमीच्या रिझोल्यूशनमध्ये ४९,५३,६०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असतात. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरले, तर १०० हर्ट्झला सेकंदाला सुमारे ११.९ गिगाबिट आणि १४४ हर्ट्झला सुमारे १७.१ गिगाबिट माहिती जावी लागते. शिवाय दोन चित्रांमधल्या रिकाम्या काळासाठी थोडी जागा अधिक लागते. आता मॉनिटर ज्यांतून कार्डाला जोडतात त्या एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या पोर्टांची सेकंदाची क्षमता पाहा. एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्ष ८.१६ गिगाबिट जातात, एचडीएमआय २.० मधून १४.४, डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७.२८ आणि डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९२. एनव्हिडिया कंपनीच्या २०१४ च्या जीटीएक्स ९७० कार्डावर एचडीएमआय २.० आणि डिस्प्लेपोर्ट १.२ आहेत, म्हणजे ते कार्ड डिस्प्लेपोर्टवरून १२० हर्ट्झ देऊ शकते. तिचेच २०१६ चे जीटीएक्स १०६० आणि एएमडी कंपनीचे २०१७ चे आरएक्स ५८० डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने चालतात आणि १४४ हर्ट्झ पूर्ण रंगांसह देतात. सहा-आठ वर्षांचे वय हे कारण इथे टिकत नाही.

मग लोकांना ६० च का दिसते? बहुतेक वेळा कारण अगदी साधे असते. केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टात खोचलेली असते. किंवा मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यातच राहते आणि जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल वापरली जाते. अनेक अल्ट्रावाइड मॉनिटरांचे एचडीएमआय पोर्ट मुळातच १०० हर्ट्झपर्यंत मर्यादित असतात, हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेले असते. केबल बरोबर असली तरी विंडोज नवा मॉनिटर पुष्कळदा ६० वरच सुरू करते, त्यामुळे सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन रिफ्रेश रेट (हर्ट्झचा आकडा) हाताने निवडावा लागतो. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रिझोल्यूशनची यादी दोन भागांत असते; वरच्या टीव्हीच्या भागात जास्तीचे आकडे दिसले नाहीत, तर खालच्या ‘पीसी’ भागात पाहावे. काही मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडण्याची सोय असते, आणि ती १.१ किंवा १.२ वर ठेवलेली असेल तर कार्ड कितीही नवे असले तरी पूर्ण वेग मिळत नाही.

बाजारात ‘एचडीएमआय टू डीपी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलींपैकी बऱ्याचशा एकाच दिशेने चालतात: डिस्प्लेपोर्ट कार्डाच्या बाजूला आणि एचडीएमआय मॉनिटरच्या बाजूला. त्या उलट्या लावल्या की चित्रच येत नाही आणि दोष कार्डावर जातो. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेत आणखी एक खरी अडचण होती. डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ चा मॉनिटर जोडल्यावर विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळा राहत असे, क्वचित संगणक तिथेच अडकत असे. एनव्हिडियाने २०१८ मध्ये त्यासाठी फर्मवेअर (कार्डाच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) दुरुस्तीचे विनामूल्य साधन दिले. ज्यांनी ‘कार्ड सपोर्ट करत नाही’ म्हणून मॉनिटर परत केला, त्यांच्यातल्या काहींना एवढेच करायचे होते.

कार्ड जळण्याच्या भीतीला आकड्यांचा आधार नाही. रिफ्रेश रेट वाढतो तेव्हा कार्ड मेमरीतले तयार चित्र अधिक वेळा वाचून पाठवते. या रिझोल्यूशनचे एक चित्र सुमारे २० मेगाबाइटचे असते. ते सेकंदाला १४४ वेळा वाचले तर जेमतेम २.९ गिगाबाइट होतात, आणि जीटीएक्स १०६० च्या ६ गिगाबाइटच्या कार्डाची मेमरी सेकंदाला १९२ गिगाबाइट हाताळते. काही जुन्या कार्डांवर मात्र १४४ हर्ट्झला, काम नसतानाही, मेमरीचा वेग वर राहतो आणि थोडी वीज जास्त जाते. तसे दिसले तर १२० हर्ट्झ निवडावेत. उष्णता खरोखर वाढते ती फ्रेमवर मर्यादा न घालता गेम खेळल्यास, कारण पूर्वी व्ही-सिंकमुळे (फ्रेम पडद्याच्या वेगाला बांधणाऱ्या सोयीमुळे) ६० फ्रेमवर थांबणारे कार्ड आता १४४ पर्यंत धावू पाहते. ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ८० किंवा ९० फ्रेमची मर्यादा घातली की हा प्रश्न मिटतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत ती घालावीच, आणि पंख्यांवरची धूळही काढावी. ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर सगळे चालवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॉट असते. वीज गेल्यावर भर गेममध्ये संगणक बंद पडला, तर तो यूपीएसवरचा भार असू शकतो, कार्ड जळाले असे लगेच समजू नये.

गेमचा मुद्दा अर्धा खरा आहे तो हा. ३४४० × १४४० मध्ये १९२० × १०८० च्या सुमारे २.४ पट पिक्सेल असतात, त्यामुळे नव्या जड गेममध्ये जुने कार्ड दमते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गेम २५६० × १०८० वर चालवता येतो. पडदा पूर्ण भरतो, आकार बिघडत नाही आणि भार १०८० च्या सुमारे सव्वा ते दीड पटीच्या मध्ये राहतो. चित्र थोडे मऊ दिसते, एवढी किंमत द्यावी लागते. एएमडीने २०२१ मध्ये आणलेले एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र तयार करून ते मोठे करणारे तंत्र) जीटीएक्स १००० आणि आरएक्स ५०० मालिकेवरही चालते, आणि ज्या गेममध्ये ते आहे तिथे आधी तेच वापरून पाहावे.

‘१४४ फ्रेम नाहीत तर १४४ हर्ट्झ वाया’ हे विधान ऐकायला तर्कशुद्ध वाटते, म्हणून ते अधिक फसवते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र वरून खाली उमटायला १६.७ मिलिसेकंद लागतात, १४४ वर ६.९, म्हणजे गेम ६० फ्रेमच देत असला तरी प्रत्येक चित्र लवकर पूर्ण होते. शिवाय अ‍ॅडाप्टिव्ह सिंकमुळे पडदा कार्डाच्या चालीने चालतो आणि ६५ किंवा ७० अशा अडनिड्या फ्रेमही न तुटता दिसतात. आरएक्स ५८० वर ही सोय आहे. जीटीएक्स १००० मालिकेला ती जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून, डिस्प्लेपोर्टवरून मिळाली. जीटीएक्स ९०० मालिकेला मिळाली नाही, आणि ९७० वाल्यांनी हे धरूनच निर्णय घ्यावा.

आधी नवे कार्ड घेण्याचा सल्ला गेमखेरीज कोणासाठी आहे, हे संदेश सांगत नाही. मार्केट यार्डात हळदीच्या व्यवहारांसाठी टॅली आणि एक्सेल शेजारी उघडून बसणारा, किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत साध्या द्विमितीय ड्रॉइंगवर काम करणारा माणूस रुंदीसाठी हा मॉनिटर घेतो, आणि त्याच्या कामाला जीटीएक्स १०६० पुरून उरते. संदेश ज्यांना खरोखर लागू पडतो असे लोकही आहेत: बहुतेक जीटी ७१० कार्डांवर डिस्प्लेपोर्ट नसतो आणि एचडीएमआय १.४ असते, तेव्हा तिथे ५० ते ६० हर्ट्झवरच थांबावे लागते.