‘आयुष्यात कधी काकडी तोडली तरी आहे का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही नाव लिहिलं नाही, म्हणून भाऊच म्हणते. ताज्या काकडीवरच्या माझ्या लेखाखाली काल रात्री तुम्ही जे लिहिलं ते आधी जसंच्या तसं देते: “नागपूरच्या उन्हाळ्यात काकडी फ्रीजबाहेर ठेवा म्हणणं मूर्खपणा आहे. टोक घासून कडूपणा जातो ही अंधश्रद्धा. कोशिंबिरीत मीठ आधी की नंतर यावर चार ओळी खर्च केल्या. बाईंनी आयुष्यात कधी काकडी तोडली तरी आहे का?”

चूक दाखवली तर मला राग येत नाही. पण ‘मूर्खपणा’ हा शब्द टाळून तुम्हाला तुमचं म्हणणं मांडता आलं नसतं का? आणि ते ‘बाईंनी’! एखाद्या पुरुषाने हाच लेख लिहिला असता तर काकडी तोडली आहे का, असं त्याला विचारलं असतं? मला नाही वाटत.

तर, तोडली आहे. चांगली दहा-बारा वर्षं तोडली आहे.

नागपूरजवळ कळमेश्वरकडे आमचं वावर होतं. विहिरीला पाणी असायचं, म्हणून बाबा उन्हाळी काकडी लावायचे. पेरल्यापासून साधारण दीड महिन्यात पहिला तोडा यायचा आणि मग दिवसाआड तोडावंच लागायचं. एखादी पानाआड राहिली की फुगून पिवळी पडायची, बिया टणक व्हायच्या, आणि अशा दोन-चार जून काकड्या वेलावर राहिल्या की वेल नवीन फळ धरायला मागत नाही. आई म्हणायची, “वेलाले वाटते, आपलं काम झालं.” बाजारात बोटाने दाबून बघा, मध्येच फुगलेली आणि पिवळसर काकडी घेऊ नका, हे जे मी लिहिलं ते या वेलांकडून शिकून लिहिलं, कुठून वाचून नाही.

तोडा उजाडताना व्हायचा. ऊन चढलं की काकडी तापते, आणि तापलेली काकडी कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, भरली की दुपारपर्यंत लुळी पडते. वेलाची लव कोपरापर्यंत खाजायची. शाळेत बाह्या खाली ओढून बसत होते मी, कारण हातांवर लाल पुरळ असायचं. देठ अंगठ्याच्या नखाने खुडायचा, ओढायचा नाही. नखाखाली जो हिरवा-काळा डाग बसायचा तो हंगाम संपेपर्यंत निघायचा नाही.

दहावीच्या वर्षी बाबा आजारी होते. मी आणि भावाने घाईघाईत तोडा केला आणि सकाळच्या एसटीच्या टपावर कट्टे टाकून नागपूरच्या भाजीबाजारात, कॉटन मार्केटला, माल नेला. अडत्याने वरच्या काकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तळात हात घातला, एक काढली, देठाकडून फिरवून आम्हालाच दाखवली. देठ उपटून आला होता आणि तिथे ओली खळगी होती. सडायला सुरुवात होते ती तिथूनच. दुसरी काढली, तीही तशीच. आमच्या मालाला अर्धा भाव मिळाला. माझा भाऊ रडला, मी नाही. ‘बोटाच्या पेराएवढा देठ असलेली काकडी घ्या’ ही लेखातली ओळ त्या सकाळची आहे. ती वाचून तुम्हाला मी घरात बसून उपदेश करणारी वाटले, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता फ्रीजचं. ‘कधीच ठेवू नका’ यातला ‘कधीच’ जास्त झाला. मान्य. पण बाकी म्हणण्यावर मी ठाम आहे. काकडीला 10 ते 12 अंश आणि भरपूर ओलावा मानवतो. घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो. त्या थंडीत दोन-तीन दिवस निघतात, पण पुढे आतल्या पेशीच दुखावतात आणि बाहेर काढली की सालीवर खोलगट डाग पडतात, गर पाणचट होतो. तुमची काकडी फ्रीजमध्ये ‘चांगली राहते’ ती थंड असेपर्यंत. ठेवायचीच तर न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून, खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 वर जातो हे मला कोणी सांगायची गरज नाही, जन्म इथेच गेला. म्हणून तर ओल्या पंच्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवा असं लिहिलं होतं, आणि तेही फक्त दोन दिवसांसाठी. ती ओळ तुम्ही वाचलीच नाही. पिकलेल्या आंब्यांशेजारी ठेवू नका हेही लिहिलं होतं. आंब्यातून जो वायू निघतो त्याने काकडी पिवळी पडते. तेही वाचलं नाही.

टोक घासण्याबद्दल: घासल्याने कडूपणा जातोच असं मी कुठेही म्हटलेलं नाही. देठाकडचा इंचभर कापून टाका आणि चाखून बघा, एवढंच लिहिलं आहे, कारण कडू द्रव्य देठाकडे आणि सालीखाली जास्त असतं. वेलाला पाण्याचा ताण पडला की ते वाढतं. फार कडू लागली तर सरळ फेकून द्या, हेही तिथेच आहे.

मिठाचं उत्तर मी देणार नाही. कोचवलेल्या काकडीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, ताटलीत पाणी किती सुटतं ते स्वतः बघा, मग दही-दाण्याच्या कुटाची कोशिंबीर पातळ का होते ते कळेल.

मूळ लेखात ‘कधीच’च्या जागी ‘तीन दिवसांपेक्षा जास्त’ असं केलं आहे. बाकी एक अक्षर बदललेलं नाही. तुमची प्रतिक्रियाही काढलेली नाही, ‘मूर्खपणा’सकट तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी नाव लिहा.