एकलहऱ्याची वीज आणि आर्क्टिकचा बर्फ

ध्रुवीय समुद्रातल्या बर्फाचा विषय निघाला की आपल्या नाशिकमध्ये एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो: तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढत नाही, मग काळजी कशाची? यातले विधान जवळजवळ बरोबर आहे. पातळी वाढते ती प्रामुख्याने ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि डोंगराळ हिमनद्यांच्या जमिनीवरील बर्फामुळे आणि तापून प्रसरण पावणाऱ्या पाण्यामुळे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही, कारण समुद्री बर्फाचे खरे काम ऊन परतवण्याचे आहे.

हिमाने झाकलेला बर्फ त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग परतवतो. उघडा पडलेला गडद समुद्र जेमतेम ६-७ टक्के परतवतो आणि बाकीची उष्णता पोटात घेतो. हे तापलेले पाणी हिवाळ्यात उशिरा गोठते, त्यामुळे नवा बर्फ पातळ राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात लवकर वितळतो. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींनुसार आर्क्टिकमधील सप्टेंबरचा बर्फ दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आला असून २०१२ मध्ये तो ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला होता. अनेक वर्षे टिकलेला जाड बर्फ तर आता नावापुरताच उरला आहे, आणि मला याचीच अधिक धास्ती वाटते. अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ २०१४ मध्ये उच्चांकावर होता, म्हणून काहींना तेव्हा हायसे वाटले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तोही १८ लाख चौरस किलोमीटरच्या खाली गेला.

डिर्क नोट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवले की वातावरणात सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे आर्क्टिकचा सप्टेंबरमधील सुमारे ३ चौरस मीटर बर्फ नाहीसा होतो. हा हिशेब आपल्या दारात आणून पाहावा. कोळशापासून एक युनिट वीज तयार होताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; म्हणजे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने तासभर चालला, तर सुमारे २०० टन वायू आणि ६०० चौरस मीटर बर्फ. तिथल्या कामगारांना दोष देण्याचा यात हेतू नाही, कारण ती वीज आपण सारेच वापरतो.

निफाडच्या द्राक्षबागांवर पडलेल्या प्रत्येक गारपिटीचे खापर थेट ध्रुवावर फोडणे मला पटत नाही. गारपिटीमागे स्थानिक आणि प्रादेशिक हवामानाची अनेक कारणे असतात. उलट बर्फाचा आणि आपल्या उत्सर्जनाचा संबंध मोजता येण्याइतका स्पष्ट आहे, आणि नेमका तोच बोलण्यातून निसटतो.

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पूर्वी किमान एक सप्टेंबर आर्क्टिक जवळजवळ बर्फविरहित असण्याची शक्यता मोठी आहे. असे सप्टेंबर अपवाद राहतील की नेहमीचेच होतील, हे मात्र उत्सर्जनावर ठरेल. म्हणून एकलहऱ्याच्या भवितव्याची चर्चा होते तेव्हा रोजगार आणि विजेच्या दराइतक्याच गांभीर्याने या चौरस मीटरांचाही हिशेब मांडला जावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.