दाखव बरं, कसा आला?

आमच्या दारव्ह्याकडं लग्नं भर उन्हाळ्यात असतात अन् तीही दुपारची, पारा 45 वर असला तरी वऱ्हाड मांडवाबाहेर फोटोसाठी उभं. अशा वेळी ज्याच्या घरी कॅमेरा आहे त्याला पत्रिका येत नाही, फोन येतो. "बापू, कॅमेरा घेऊन ये बरं." जेवायला ये असं कोणी म्हणत नाही.

फोटो काढायचा त्रास नाही हो. त्रास आहे तो कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या स्क्रीनचा. एक क्लिक झाली की सगळे माझ्या मागं, "दाखव बरं, कसा आला?" उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून कोणीतरी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या डोक्यावरून टाकते, मग त्या दुपट्ट्याच्या आत मी, मामाजी, मामाजींचा खर्रा अन् त्यांचे साडूभाऊ, आणि आतच निकाल लागतो. मावशीचे डोळे मिटले, परत काढा. जवायाच्या मागं कूलर आला, परत काढा. मामाजी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणतात, "हे माह्यं पोट नाही. तुह्या कॅमेऱ्यातच काहीतरी हाय. मिटव हे, माह्यासमोर मिटव." मिटवलं. मग ते श्वास आत ओढून पुन्हा उभे राहतात, अन् मी बटन दाबेपर्यंत श्वास सुटलेला असते.

जगातला पहिला डिजिटल कॅमेरा 1975 मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्ह सॅसन नावाच्या इंजिनिअरनं बनवला. एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे अन् पाहायचा तर टीव्हीवर. काय सोन्यासारखी मशीन होती! टीव्ही जोडेपर्यंत आमचे मामाजी पंगतीत जाऊन बसले असते. पण 1995 मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-10 आला, साध्या गिऱ्हाइकाच्या डिजिटल कॅमेऱ्याला पाठीमागं स्क्रीन, अन् माझ्या वाट्याला हा दुपट्टा आला.

रोलच्या जमान्यात मी काकाजींची बॅग धरून फिरायचो. त्यांच्याकडं पेंटॅक्स के1000, वर फ्लॅशगन. रोलमध्ये फोटो 36, नशीब असलं तर 37 वा निघायचा. लग्नाला दोन रोल ठरलेले, अन् आहेराच्या रांगेत तर प्रत्येकाला स्टीलचा डबा देतानाचा फोटो पाहिजेच, फ्लॅश पडेपर्यंत देणारा डबा सोडतच नसे, नवरदेव तिकडून ओढतो, हा इकडून धरून ठेवतो. काकाजी पोचलेला माणूस. फ्लॅशगनच्या मागं टेस्टचं बारीक बटन असते, त्याचा रोलशी काही संबंध नाही, दाबलं की नुसता लखलखाट. झाला फोटो, सुटला डबा! महिन्याभरानं अल्बम आला की तोच माणूस यायचा, "माह्या फोटो कुठं हाय?" काकाजी एकदम शांत. "रोल धुवाले यवतमाळले धाडला होता ना, तिथं उडाला." आता डिजिटलमध्ये काय उडवणार तुम्ही?

तसा रोल काही फार गुणाचा होता अशातलं नाही. गाडीच्या डिक्कीत उन्हात राहिला की रंगांची वाट लागायची, अन् रात्रीच्या वरातीत गॅसबत्ती तेवढी दिसायची, खालचा माणूस कोण ते विचारू नका. पण दुपारच्या उन्हात पांढरं धोतर, पांढरी टोपी घातलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढावा तो निगेटिव्हवरच. जास्तीचा उजेड रोल पचवते, कमी पडला तर मात्र हातपाय गाळते. डिजिटलचं उलटं, अंधारातलं नंतर बरंच ओढून काढता येते, पण धोतर एकदा पांढरं फटक पडलं की निऱ्या कोणत्याच सॉफ्टवेअरले सापडत नाहीत. म्हणून मी धोतर वाचवतो. मग चेहरा काळा येते. मग परत दुपट्टा, "माणूस एवढा काळा काहून आला बे?"

यंदाच्या साक्षगंधाला पुण्यात शिकणारा भाचा आला, गळ्यात रोलचा कॅमेरा. आता रोल लय महाग, तरी पोरं हौसेनं घेतात. त्यानं मामाजींचा फोटो काढला, सवयीनं सगळे मागं धावले, दुपट्टा पण तयार, अन् पाहते तर कॅमेऱ्याची पाठ सपाट काळी. "अबे, याचा तर डिस्प्ले मेला!" साडूभाऊ म्हणे, दारव्ह्याले एक मोबाइलवाला हाय, तो बदलून देते. भाचा हसून म्हणाला, "रोल आहे आजोबा, धुतल्यावरच दिसेल." बस, गर्दी पांगली. एक क्लिक, अन् पोरगं वांग्याची भाजी अन् पुरी खायला मोकळं. मी तिकडं जवायाचा कूलर हलवत होतो.

त्याचा रोल अजून धुतलेला पण नाही, पुण्यालाच पडून आहे. माझे फोटो मात्र त्याच रात्री ग्रुपवर गेले, अन् सकाळी सकाळी मामाजींचा फोन. "बापू, तुह्ये फोटो काही खरे नाहीत. त्या पोट्ट्यानं काढला ना, तो पाह्य कसा एक नंबर आला. पोट दिसतच नाही त्यात."