भूगोलवाला नगररचनेत शिरतो तेव्हा

वाद पेटला तो विज्याच्या एका वाक्यावरून. "भूगोलाची पदवी घेऊन नगररचनाकार? आर्किटेक्टपुढे टिकेल का?"

"ड्रॉइंगमध्ये नाही टिकणार," शमा म्हणाली. "पण शाळा कुठे हवी, हे मुलं कुठे राहतात आणि पाणी कुठे तुंबतं त्यावर ठरतं. ते भूगोलवाल्याचंच काम."

"काम! बसथांब्याभोवती चारशे मीटर दाखव म्हटलं, की क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे भोवतीचा पट्टा, काढताना ४०० टाकतो आणि अख्खी पृथ्वी रंगवून ठेवतो."

हशा पिकला. नकाशाचा थर अक्षांश-रेखांशात असला की ४०० म्हणजे ४०० अंश, आणि एक अक्षांश सुमारे १११ किलोमीटरचा.

"दुसरा शहाणा वेब मर्केटर, म्हणजे ऑनलाइन नकाशांचं प्रक्षेपण, लावतो," नंदू म्हणाला. "एकक मीटर दिसलं की खूश. पण ६० अक्षांशावर त्यात अंतर दुप्पट होतं, म्हणजे चारशेचं वर्तुळ जमिनीवर दोनशेचं. आधी त्या भागाचा यूटीएम झोन, म्हणजे तिथे मीटर जवळपास खरे ठेवणारं प्रक्षेपण, लाव, मग मोज."

"मुळात वर्तुळच कशाला?" शमा सोडेना. "मधे रेल्वेरूळ असेल तर पलीकडच्याला पुलावरून किलोमीटरभर वळसा. रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर काढ. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशातले रस्ते घे, पण आधी तपास: चौकात रेषा जुळल्या नसतील तर वाट तिथेच तुटते. आणि पुलाखालचा रस्ता पुलाला जोडला गेला, तर माणूस थेट पुलावरून खाली उडी मारतो!"

"बरं, आलं हे सगळं. तरी आयुष्यभर नकाशेच गिरवणार ना?"

इथे मात्र विज्याचं चुकत नव्हतं. पहिली नोकरी बहुधा जमीनवापर सर्वेक्षणाची नाहीतर डिजिटायझिंगची, म्हणजे नकाशे संगणकावर गिरवायची, मिळते, आणि हात बसला की तिथून कोणी उठवत नाही.

"म्हणून बांधकामाचे नियम वाचायचे," नंदू म्हणाला. "५०० चौरस मीटरचा प्लॉट, एफएसआय दीड, म्हणजे सगळे मजले मिळून प्लॉटच्या दीडपट बांधकाम, आणि जमिनीवर ४० टक्केच बांधायची मुभा. किती मजले?"

"साडेसातशे भागिले दोनशे... पावणेचार."

"म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धवट. त्यातून पार्किंग, उंचीची मर्यादा बघायची. हे गणित तोंडावर असलं की मीटिंगला बोलावतात. पोर्टफोलिओत बारा रंगीत नकाशे नकोत, तीन पुरेत. प्रत्येकाखाली अर्धं पान: काय बदलायचं, कोणाची जागा जाणार, कुठला नियम आड येतो."

"आणि मास्टर्स?"

"नगररचनाकार म्हणून सही करायची असेल तर बहुतेक ठिकाणी लागतंच. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचार: भूगोलवाल्याला प्रवेश आहे का, आणि व्यावसायिक संस्थेची त्या कोर्सला मान्यता आहे का. स्टुडिओत, म्हणजे आराखडे काढायच्या तासांना, पहिलं सत्र जड जातं. १:१००० वर एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर, हे डोळ्यांत बसेपर्यंत बारा मीटरचा रस्ता कुणी फूटपाथएवढा काढतो."

"बघ, म्हणजे शेवटी ड्रॉइंगच!" विज्याने टाळी मागितली. कुणी दिली नाही.