पडद्यावरचे युद्ध आणि देवळालीची घरे

मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ची बातमी ताजी असतानाच त्या नावाची चित्रपट-शीर्षके नोंदवण्यासाठी निर्मात्यांची झुंबड उडाली, एका चित्रपटाचे पोस्टरही प्रसिद्ध झाले आणि टीकेचा भडिमार झाल्यावर त्याच्या दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. त्या आठवड्यात आम्हा नाशिककर मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सरळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, सैनिकांचा पराक्रम घराघरांत पोहोचवायचा तर असे चित्रपट निघालेच पाहिजेत. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हा सगळा देशभक्तीचा धंदा आहे आणि त्यातून युद्धाची खुमखुमी तेवढी वाढते. माझे बालपण देवळाली कॅम्पात गेले आणि आता मी इंग्लंडमध्ये कोल्चेस्टर या गावी राहतो. तेही छावणीचेच गाव, त्यामुळे दोन्हीकडे शेजारपाजार फौजी माणसांचा. म्हणूनच त्या वादात मला एक गोष्ट खटकत राहिली: दोन्ही तटांपैकी कोणीही, ज्यांच्या आयुष्यावर हे चित्रपट निघतात त्यांना ते पाहताना काय होते, हे विचारत नव्हते.

भारतातला हा वाद बहुतेक वेळा गणवेशापाशी सुरू होतो आणि गणवेशापाशीच संपतो. जुलै 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाने चित्रपट प्रमाणन मंडळाला पत्र पाठवले आणि लष्करावरील चित्रपट, माहितीपट व वेबमालिका दाखवण्यापूर्वी निर्मात्यांनी मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे, असे सुचवले. पुढच्याच महिन्यात एका महिला वैमानिकावरील चित्रपटात दलाचे चित्र विनाकारण नकारात्मक रंगवले आहे, अशी तक्रार हवाई दलाने केली. 2024 मध्ये तर गणवेशातल्या नायक-नायिकेच्या चुंबनावरून एका हवाई दल अधिकाऱ्याने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस धाडली. दलांनी आपल्या प्रतिमेची काळजी करू नये असे मी म्हणणार नाही, कारण पडद्यावरच्या चुकीच्या बिल्ल्याने किंवा उलट्या सॅल्यूटने माजी सैनिकाचा किती संताप होतो, हे मी कॅम्पात पुष्कळ पाहिले आहे. परंतु या साऱ्या पत्रव्यवहारात सैनिकाची बायको, आई, मुले कोठेच नाहीत आणि पेन्शनीत निघालेला सैनिकही नाही.

माणसांचे काय होते याचे सर्वांत विलक्षण उदाहरण आपल्याकडेच घडले. 1997 च्या ‘बॉर्डर’ने लोंगेवालाची लढाई घरोघरी पोहोचवली. 4 आणि 5 डिसेंबर 1971 च्या दरम्यानच्या त्या रात्री, 23 पंजाब या पलटणीची एक कंपनी मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली रणगाड्यांच्या तुकडीसमोर उभी राहिली आणि उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी ते रणगाडे वाळूत टिपले. पडद्यावर एकामागून एक जवान धारातीर्थी पडतात. प्रत्यक्षात भारतीय बाजूची प्राणहानी फार थोडी होती. सीमा सुरक्षा दलाचे भैरोंसिंग राठोड हे त्या चित्रपटात मरण पावतात. खरे भैरोंसिंग लढाईतून सुखरूप परतले, त्यांना सेना पदक मिळाले, 1987 मध्ये ते निवृत्त झाले आणि डिसेंबर 2022 मध्ये जोधपूरच्या रुग्णालयात वारले. म्हणजे चित्रपट आल्यानंतर पंचवीस वर्षे, साऱ्या देशाने ज्याला मरताना पाहिले असा माणूस, आपल्या गावात पेन्शन घेत जगत होता. गणवेशाच्या बटणावरून नोटिसा धाडणाऱ्या देशात जिवंत माणसाला पडद्यावर मारण्याबद्दल फारशी हळहळ झाली नाही, याचे मला आजही नवल वाटते.

नाशिकच्या बाबतीत तर आणखी एक गोम आहे. हे शहर तोफखान्याचे. देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर. रेंजवर फायरिंग असले की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि पाहुणे दचकले तरी घरातले मान वर करीत नाहीत. ज्यांनी भारतीय चित्रपटाचा पाया घातला ते दादासाहेब फाळके याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि 1944 मध्ये नाशकातच वारले. तरीही तोफखान्याचे युद्ध हिंदी-मराठी पडद्यावर जवळजवळ नाहीच. त्याचे कारण तोफखान्याच्या कामातच आहे. पायदळाचा जवान शत्रूला समोर पाहतो, म्हणून कॅमेऱ्याला त्याचा चेहरा आणि शत्रूचा चेहरा एका चौकटीत घेता येतो. तोफेवरच्या जवानाला मात्र आपला गोळा कोठे पडला हे सहसा दिसत नाही. पुढे डोंगरावर ओपीमध्ये, म्हणजे टेहळणीच्या ठाण्यात, बसलेला अधिकारी वायरलेसवरून आकडे सांगतो, मागे हिशेब होतो, तोफेचा कोन बदलतो आणि सुमारे 43 किलोंचा गोळा पुन्हा उचलला जातो. कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. द्रासच्या भागात बोफोर्स तोफांनी समोरच्या शिखरांवर थेट मारा केला. त्या अडीच लाखांतला एकेक गोळा कोणाच्या तरी हातांनी उचलला होता, परंतु त्या हातांवर कॅमेरा क्वचितच गेला.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार, ज्यांना आम्ही मुले काका म्हणत असू, ते कारगिलच्या वेळी तोफेवर होते. सुट्टीत घरी आलो की मी त्यांच्याकडे जातो. कानाने ते पार अधू झाले आहेत आणि टीव्हीचा आवाज इतका मोठा ठेवतात की काकू आत स्वयंपाकघरात दार लोटून बसतात. मागे एकदा टीव्हीवर कारगिलवरचा एक चित्रपट लागला होता. मला वाटले, काका भारावून पाहतील. ते पाहत होते, पण हिशेबनिसासारखे: गोळा भरल्याबरोबर तोंड फिरवायला हवे होते, एवढ्या जवळ माणसे उभी नसतात, तोफ डागल्यावर इतक्या लवकर दुसरा गोळा जाईलच कसा. मग नायक मित्राला मिठीत घेऊन आक्रोश करतो तो प्रसंग आला, तसे काका काही न बोलता उठले आणि अंगणात जाऊन नळाखाली बादली लावून उभे राहिले. काकू मला म्हणाल्या, “असंच करतात ते. पिक्चर पूर्ण कधी बघत नाहीत, आणि बंदही करू देत नाहीत.”

काकूंच्या त्या एका वाक्यात जेवढे आहे तेवढे युद्धपटांवरच्या परीक्षणांत मला सापडलेले नाही. माजी सैनिकाला युद्धपट हवाही असतो आणि नकोही असतो. हवा अशासाठी की, त्याच्या आयुष्यातली जी वर्षे घरच्यांना कधी समजली नाहीत, त्यांचा काही तरी आकार पडद्यावर दिसतो आणि न बोलता बायकोमुलांना सांगता येते की, हे असे होते. नको अशासाठी की, जे त्याने झाकून ठेवले आहे ते आवाजासकट, दिवाणखान्यात, चहाच्या कपांमध्ये येऊन उभे राहते. कुटुंबाचे गणित त्याहून वेगळे असते. 1999 च्या उन्हाळ्यात कॅम्पातल्या आमच्या किराणा दुकानात फौजी घरांतल्या बायका साखर-तेल घ्यायला येत आणि बातम्या संपेपर्यंत भरलेली पिशवी हातात धरून तशाच उभ्या राहत. वडील टीव्ही बंद करीत नसत आणि उधारीच्या वहीबद्दलही त्या महिन्यांत कोणाला बोलत नसत. त्या बायकांचे युद्ध म्हणजे 56 एपीओ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर गेलेली पत्रे आणि न आलेली उत्तरे. तोवरच्या युद्धांत घरी बहुधा तार यायची आणि मागाहून काळी ट्रंक. कारगिलपासून तिरंग्यात गुंडाळलेली पार्थिवे गावोगाव येऊ लागली. आपले चित्रपट पत्राचे गाणे करतात आणि पेटीपाशी फोडलेला हंबरडा दाखवतात. त्यांच्या मधल्या महिन्यांना, आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांना, हात घालत नाहीत.

इथे इंग्लंडमध्ये तसे चित्रपट आहेत, हे मान्य केले पाहिजे. 1982 मध्ये अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात डोक्यात गोळी लागून अर्ध्या अंगाने अधू झालेल्या रॉबर्ट लॉरेन्स या तरुण अधिकाऱ्याच्या कहाणीवर बीबीसीने 1988 मध्ये ‘टंबलडाउन’ दाखवला. त्यात लढाईइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, इस्पितळ आहे, घर आहे आणि जखमी माणसाची अडचण वाटू लागलेली व्यवस्था आहे. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झालेली होती. गदारोळ व्हायचा तो झालाच, पण चित्रपट दाखवला गेला. माझ्या ओळखीतल्या फॉकलंडच्या एका माजी सैनिकाला तो फारसा आवडत नाही, कारण त्याच्या मते त्यात रेजिमेंटवर अन्याय झाला आहे. तरी त्याच्या बायकोने आपल्या मुलींना तो मुद्दाम दाखवला. नवराबायकोचे हे मतभेद ते दोघे माझ्यासमोर, जेवणाच्या टेबलावर, आवाज न चढवता बोलू शकतात. काका-काकूंच्या घरी ते होत नाही.

पण म्हणून ब्रिटिश लोकांनी हा प्रश्न सोडवला आहे, असे कोणी समजू नये. हा देश दुसऱ्या महायुद्धातल्या 1940 च्या प्रेमातून बाहेर यायला तयार नाही. त्या वर्षी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश फौज माघारी आणली गेली, त्यावरचा ‘डंकर्क’ 2017 मध्ये आला तेव्हा किनाऱ्यावर थांबलेल्या फौजेत भारतीय खेचर-पलटणीही होत्या, ही गोष्ट चित्रपटाला सांगावीशी वाटली नाही. तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातून नेलेल्या चार तुकड्या फ्रान्समध्ये होत्या, त्यांतली एक जर्मनांच्या हाती लागली आणि बाकीच्या परतल्या. चित्रपट आला त्या वर्षी भारतातल्या वर्तमानपत्रांनी यावर रास्त टीका केली. ज्येष्ठ ब्रिटिश माणसाला मी देवळालीचा आहे असे सांगितले, तर त्याला आठवते ती बीबीसीची एक विनोदी मालिका, जी 1974 ते 1981 या काळात चालली, जिचे कथानक सुरुवातीला देवळालीच्या तोफखाना-तळावर घडत असे आणि जिच्यात भारतीय नोकराचे काम गोऱ्या नटाने तोंडाला रंग लावून केले होते. आता बीबीसी ती पुन्हा दाखवायचे टाळते. माझ्या गावाचे नाव या देशात युद्धापेक्षा फार्सामुळे ठाऊक असावे, हा एक न्यारा सन्मान.

शिवाय इथल्या घरांतही सगळे बोलतात असे नाही. आमच्या गल्लीत एक कुटुंब आहे. त्यातला मुलगा पॅराशूट रेजिमेंटमधून अफगाणिस्तानात, हेल्मंडला, लढून आला आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इथे फटाके उडतात आणि त्याच सुमारास आपली दिवाळीही असते. पहिल्या वर्षी त्याच्या आईने येऊन, फटाके कधी उडवणार ते आधी कळवाल का, एवढेच विचारले. तेव्हापासून आमचे मराठी मंडळ गल्लीत वेळेची चिठ्ठी टाकते. तो मुलगा युद्धपट पाहतो का, असे मी तिला कधी विचारलेले नाही आणि तिनेही सांगितलेले नाही. युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, रिमेंब्रन्स संडेला, मात्र सारे गाव स्मारकापाशी दोन मिनिटे गप्प उभे राहते आणि तो मुलगाही त्यात असतो. समाजाने वर्षातून एकदा ठरवून उभे राहण्याला काही किंमत आहे, आणि आपल्याकडे ती जागा 15 ऑगस्टला टीव्हीवर लागणाऱ्या चित्रपटाने भरून काढली आहे, असे मला वाटते. त्या चित्रपटावर एवढे ओझे टाकणे योग्य नाही.

म्हणून गटावरच्या माझ्या मित्रांना मी जे लिहिले तेच येथे लिहितो. युद्धपट बंद पडावेत असे मला वाटत नाही, आणि दर चित्रपटाला मंत्रालयाचा शिक्का लागावा असेही वाटत नाही. शिक्क्याच्या भीतीने ‘टंबलडाउन’सारखा चित्रपट आपल्याकडे कोणी लिहायलाही घेणार नाही, आणि ज्यांच्या नावाने ती भीती घातली जाते त्या काकांना बिल्ल्यापेक्षा तोफेच्या मागे उभे राहण्याच्या जागेची चूक जास्त बोचते. मंत्रालयाला खरोखर काही मागायचे असेल, तर अमेरिकेत झालेल्या एका साध्या गोष्टीकडे पाहावे. 1998 मध्ये ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ प्रदर्शित झाला तेव्हा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची ती सुरुवातीची दृश्ये पाहून वृद्ध सैनिकांना त्रास होईल, हे ओळखून तिथल्या माजी सैनिक विभागाने त्यांच्यासाठी खास टोल-फ्री क्रमांक सुरू केला होता. चित्रपटाला कात्री लावली नाही, परवानगीही मागितली नाही. तो पाहिल्यावर ज्याची झोप उडेल त्याने कोणाशी बोलायचे, एवढे ठरवून ठेवले.

आपल्याकडे ही सोय नव्याने उभारावी लागणार नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालू आहे आणि सैनिकांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष 2023 च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या एएफएमसी या सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात उघडला आहे. पडद्यावर कोणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात तंबाखूचा इशारा आलाच पाहिजे, असा नियम आपण केला आणि निर्मात्यांनी कुरकुर करीत का होईना तो पाळला. त्याच न्यायाने युद्धपटाच्या आधी आणि मध्यंतरानंतर हा क्रमांक मराठी-हिंदीत दाखवता येईल, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या व माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) दवाखान्यांतल्या फलकांवर तो आधीपासून लावता येईल. अडचण एकच आहे. क्रमांक नुसता वाचून दाखवला तर देवळालीतल्या अर्ध्या निवृत्त तोफखान्याला तो ऐकूच येणार नाही. तो मोठ्या ठळक आकड्यांत, काकूंना लिहून घेता येईल इतका वेळ, पडद्यावर ठेवावा लागेल.