पट्टेरी विटांच्या घराबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लंडनमधल्या मार्गारेट स्ट्रीटवरच्या ऑल सेंट्स चर्चच्या पाद्रीनिवासावर मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की दगडाला पैसे पुरले नसतील म्हणून विटा वापरल्या, पट्टे भडक वाटतात, खिडक्या कशाही काढल्यात, आणि आपले वाडे सोडून हे कशाला?

पैशांचं आधी बोलतो. वास्तुविशारद विल्यम बटरफिल्डने निवडलेली वीट इतक्या चांगल्या प्रतीची होती की ओबडधोबड दगडाच्या बांधकामापेक्षा ती महाग पडली. म्हणजे काटकसर नव्हे, हट्ट! लाल विटांमधले ते काळे पट्टे वरून रंगवलेले नाहीत, भिंत चढवतानाच रचलेत. गिलावाच नाही, तर पोपडे कुठून निघणार? भडक वाटतं म्हणालात, ते चर्चच्या आतल्या सजावटीबद्दल मलाही वाटतं. घराबद्दल नाही.

आता खिडक्या. जागा बघा: 100 फूट बाय 100 फूट, म्हणजे जेमतेम नऊ गुंठे. त्यात चर्च, पाद्रीनिवास, गायक मुलांची शाळा आणि मधे चौक बसवायचा होता. पसरायला वाव नाही, म्हणून सगळं उंच गेलं; चर्चचा मनोरा तर 227 फूट. हे काही बायकामुलांसह राहणाऱ्या एका पाद्र्याचं घर नव्हतं, अनेक पाद्री इथे एकत्र राहायचे. त्याआधीच्या जॉर्जियन (म्हणजे मुख्यतः अठराव्या शतकातल्या इंग्रजी) घरांत बाहेरून खिडक्यांची ओळ जुळावी म्हणून आतल्या खोलीने सोसायचं. बटरफिल्डने ते उलटं केलं. आत जशी गरज तशी खिडकी, मग ती लहान असो की मोठी, ओळीत असो की नसो. ही काही इथली लहर नव्हे. ब्रिस्टलजवळ कोलपिट हीथला 1844-45 मध्ये बांधलेल्या पाद्र्याच्या घरात त्याने हेच केलं होतं. पुढे फिलिप वेब या वास्तुविशारदाने बांधलेलं रेड हाउस हे घरही याच वाटेने गेलं. तुम्हाला जो गबाळेपणा दिसतो, त्यातच मला या घराची अक्कल दिसते.

राहिलं ‘आपल्याला काय’. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधल्या भौमितिक नक्षीच्या फरश्या याच बटरफिल्डच्या आराखड्याच्या आहेत. एकदा जाऊन बघा, मग पट्ट्यांवरून पुन्हा भांडू. वाड्यांवरही लिहीन, पण याच्या बदल्यात नाही.