म्हणे, वाधवानांवरचा राग हा जळफळाट होता!

कोविडच्या दिवसांचा विषय निघाला की एक ठरलेला युक्तिवाद हल्ली हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा गोषवारा असा: लॉकडाऊनमध्ये बड्या लोकांवर टीकेची झोड उठली तो निव्वळ जळफळाट होता. ती माणसं स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या बंगल्यावर गेली. कुणाला त्रास दिला नाही. नियम काय, सगळ्यांनीच मोडले. श्रीमंत खर्च करतात म्हणून चार चुली पेटतात. शिवाय त्यांना शिक्षाही झाली, मग तेच ते किती दिवस उगाळायचं? जोडीला अमेरिकी टीव्हीतारका किम कार्दशियनचं बेट, सिनेतारकांचे मालदीवच्या सुट्टीतले फोटो, गायिका कनिका कपूर आणि आपल्याकडचे उद्योजक वाधवान अशी सरमिसळ असते.

ही सरमिसळ फार सोयीची आहे. सगळ्यांना एकाच पिशवीत कोंबलं की कुणाचाच हिशोब नीट होत नाही. म्हणून मी वाधवान प्रकरण घेतो. ते आपल्या घाटात घडलं आणि त्याचा लेखी कागद आहे.

आधी झालं काय ते थोडक्यात. २३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, २५ मार्चपासून देश बंद झाला. ८ एप्रिलला डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे प्रवर्तक कपिल आणि धीरज वाधवान घरच्यांसह आणि नोकरचाकरांसह पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला निघाले. एकूण माणसं २३. खंडाळा म्हणजे लोणावळ्याचं, पुणे जिल्ह्यातलं. महाबळेश्वर ज्या सातारा जिल्ह्यात आहे तिथेही एक खंडाळा आहे; ते असतं तर जिल्ह्याची हद्द ओलांडायचा प्रश्नच आला नसता. (गंमत म्हणजे नेहमीच्या रस्त्याने गेलं तर तेही खंडाळा वाटेत लागतं, खंबाटकीच्या अलीकडे.) दुसऱ्या दिवशी हा गोतावळा महाबळेश्वरात असल्याचं उघड झालं. गुन्हा दाखल झाला, सगळ्यांची रवानगी पाचगणीत विलगीकरणात झाली.

आता मुद्दे.

“स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या बंगल्यावर गेले, यात सरकारचं काय गेलं?”

सरकारचं लेटरहेड गेलं. गृह विभागाचे तेव्हाचे प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांच्या सहीचं ८ एप्रिलचं पत्र या मंडळींजवळ होतं. त्यात काय होतं ते नीट बघा. ही माणसं आपल्या चांगल्या परिचयाची आहेत, आपले कौटुंबिक स्नेही आहेत, घरगुती तातडीच्या कारणासाठी खंडाळ्याहून महाबळेश्वरला जात आहेत, त्यांना मुक्कामी पोचायला सहकार्य व्हावं. सोबत गाड्यांचे नंबर आणि माणसांची नावं. तातडी कसली, हे त्यात नाही. आणि कारणाच्याही आधी ओळख सांगितलेली आहे.

आता नाक्यावरच्या हवालदाराच्या जागी उभे राहून बघा. दोन आठवडे त्याला एकच हुकूम आहे: परत पाठवा. त्याने औषधाची चिठ्ठी दाखवणाऱ्याला दहा प्रश्न विचारलेत, दुधाच्या टेम्पोतून लपून निघालेल्या पोरांना उतरवलंय. त्याच्या हातात त्याच्याच खात्याच्या मंत्रालयातल्या साहेबाचं पत्र येतं. तो काय करणार? अडथळा बाजूला घेणार. हे काम पैशाने झालेलं नाही. पैसा तर त्या महिन्यात पुष्कळांकडे होता. मुंबईत फ्लॅट आणि कोकणात घर असलेल्या चाकरमान्यांकडेही गाडी होती, पेट्रोल होतं, आणि गावाकडे आईबाप गेल्याची बातमी आली तरी निघता येत नव्हतं. त्यांचेही कुणी ना कुणी कौटुंबिक स्नेही असणारच, फक्त ते प्रधान सचिव नव्हते.

म्हणून कार्दशियनबाईंना या प्रकरणात आणून उपयोग नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तिने पाहुण्यांच्या आरोग्य तपासण्या करून, दोन आठवडे विलगीकरण करायला लावून त्यांना खासगी बेटावर नेलं आणि वर ‘थोडा वेळ सगळं पूर्वीसारखं असल्याचं भासवता आलं’ अशा अर्थाचं लिहिलं. ते अगोचरपणाचं होतं. हॉलिवूडचा निर्माता डेव्हिड गेफेन मार्च २०२० मध्ये आपल्या अवाढव्य नौकेचा सूर्यास्ताचा फोटो टाकून ‘सगळे सुरक्षित असाल अशी आशा आहे’ म्हणाला, तेही तसंच. अगोचरपणावर लोक हसतात, चिडतात, विसरतात. वाधवानांसाठी नाका उघडला गेला, आणि तो उघडणारा हात नाके बंद ठेवणाऱ्या खात्यातला होता. ही जातकुळीच वेगळी आहे.

“कुणाला त्रास तर झाला नाही ना?”

२३ माणसांत स्वयंपाकी होते, नोकर होते. मालकाने गाडीत बसायला सांगितल्यावर त्यातला कोण ‘नको साहेब, जिल्हाबंदी आहे’ म्हणाला असता? गुन्हा नोंदला गेला तेव्हा मात्र तेही आरोपींच्या यादीत. जाण्याचा निर्णय एका घराचा, कलमं सगळ्यांच्या वाट्याला.

आणि ज्या गावात गेले त्या गावाचं काय? मार्च-एप्रिल म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीचा कमाईचा काळ. त्या वर्षी हॉटेलं बंद, घोडेवाले घरी, आणि स्ट्रॉबेरी उतरवून न्यायची कुठे ही पंचाईत. सातारा जिल्ह्यातल्या दरेवाडीत पिकलेली स्ट्रॉबेरी शेतकऱ्याने गाईंपुढे टाकल्याची बातमी वाधवान येण्याच्या आठवडाभर आधीच आली होती. बाहेरचं कुणी यायचं नाही, या एका अटीसाठी त्या डोंगरावरच्या माणसांनी वर्षाचा हंगाम सोडला होता. ती अट गेलेल्या हंगामासकट पाच गाड्यांखाली आली. नंतर कुणाला लागण झाली की नाही, यावर त्रास मोजायचा असेल तर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही ‘आज कुणी मेलं नाही’ म्हणून सोडून द्यावं लागेल.

“नियम सगळ्यांनीच मोडले.”

मोडले. लग्नं झाली, वाढदिवस झाले, पुढाऱ्यांच्या मिरवणुका झाल्या, आणि त्यावर बोलायला हवं तितकं आपण बोललो नाही, हेही कबूल. पण मोडणाऱ्यांचं पुढे काय झालं, तेही बघू. मे २०२० संपेपर्यंत राज्यात सरकारी आदेश मोडल्याबद्दलच्या कलम १८८ खाली एक लाखावर गुन्हे नोंदले गेले होते. उठाबशा, कोंबडा, दंडुके, जप्त झालेल्या दुचाकी वेगळ्याच. १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर गावी जाण्यासाठी कामगार जमले, त्यांच्यावर लाठ्या पडल्या. ते कौटुंबिक तातडीसाठीच जमले होते: खोलीभाडं थकलेलं, मजुरी बंद, शिधा संपत आलेला.

आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळचं करमाड. ८ मे २०२०, त्या पत्राला बरोबर एक महिना झाला होता. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते, तिथून गाडी मिळेल या आशेवर. थकून रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. वाचलेल्यांनी सांगितलं की पासासाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नव्हतं.

एकाच राज्यात, एकाच महिनाभरात, एकांच्या अर्जाला उत्तर नाही आणि दुसऱ्यांना अर्ज करायचीही गरज पडली नाही. ‘सगळ्यांनीच’ या शब्दात हे दोघे शेजारी बसवायचे असतील तर खुशाल बसवा. मला ते जमत नाही.

“मुळात हा श्रीमंतीचा द्वेष आहे.”

हा मुद्दा तपासायला सोपा आहे. द्वेष श्रीमंतीचा असेल तर तो सरसकट दिसायला हवा. त्याच काळात, २८ मार्चला, टाटा ट्रस्ट्सने ५०० कोटी आणि टाटा सन्सने १००० कोटी जाहीर केले. रतन टाटांचे फोटो घराघरांतल्या फोनवर फिरले, लोकांनी हात जोडले. सोनू सूद मे महिन्यात कर्नाटकातल्या मजुरांना बसने घरी पाठवायला लागला तेव्हा त्याच्या बंगल्याची किंमत कुणी विचारली नाही. एरवी पेडर रोडवरून जाताना मान वर करून उंच इमारतींकडे कौतुकानेच बघतो आपण. आपला समाज श्रीमंतांच्या बाबतीत भलताच सोशिक आहे. खरं तर जरा जास्तच. तो चिडला म्हणजे पोटदुखीपलीकडे काहीतरी झालं असणार.

“त्यांच्या खर्चावर गरिबांची घरं चालतात.” एप्रिल २०२१ मध्ये राज्यात संचारबंदी असताना मालदीवच्या किनाऱ्यावर सिनेतारकांचा जो खर्च झाला त्यावर मालदीवची घरं चालली असतील. इथल्या मोलकरणींना त्याआधीच्या वर्षी सोसायट्यांनी महिनोन्‌महिने गेटच्या आत घेतलं नव्हतं, सरकारने परवानगी दिल्यावरही. या मुद्द्यावर जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

“झुंडीने ट्रोल केलं, ते बरोबर होतं का?”

नाही, आणि इथे समोरच्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. कनिका कपूर ९ मार्च २०२० ला लंडनहून मुंबईत उतरली, पुढे लखनौच्या पार्ट्यांना गेली आणि २० मार्चला तिची चाचणी पॉझिटिव्ह आली. उतरली तेव्हा ब्रिटनहून येणाऱ्यांनी घरीच थांबावं असा आदेश नव्हता, हे तिचं म्हणणं कुणी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतं. राजस्थानच्या माजी मुख्यमंत्री वसुंधरा राजेंसह तिथल्या बड्या पाहुण्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या, तरी तिच्या कपड्यांवरून, चारित्र्यावरून जे लिहिलं गेलं ते वाचवत नव्हतं. एकटी बाई सापडली की आपली जीभ कशी सैल सुटते ते त्या आठवड्यात दिसलं. पण त्या झुंडीचा दाखला देऊन पत्राबद्दलचा सवाल बाद करता येत नाही. पत्राबद्दल सवाल करणाऱ्यांत महाबळेश्वरचे नागरिक होते आणि विधानसभेतला विरोधी पक्षही होता. त्यांना ट्रोल म्हणायचं का?

“शेवटी शिक्षा झालीच की.”

कसली? वाधवान बंधूंना २६ एप्रिलला सीबीआयने ताब्यात घेतलं ते येस बँकेच्या कथित आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात. त्या प्रकरणाचा निवाडा कोर्ट करेल, त्याचा जिल्हाबंदीशी काही संबंध नाही. चौकशीला बोलावणं असलेली माणसं त्या काळात एका थंड हवेच्या ठिकाणाहून दुसऱ्या थंड हवेच्या ठिकाणी जात होती, एवढंच त्यातून कळतं.

राहिलं पत्र. गुप्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, अतिरिक्त मुख्य सचिव मनोज सौनिक यांच्याकडे चौकशी दिली. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुखांनी ते लगोलग जाहीरही केलं. मे महिन्यात गुप्ता पुन्हा त्याच खुर्चीवर रुजू झाले. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांची नेमणूक पुण्याच्या पोलीस आयुक्तपदी झाली.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत जिल्हाबंदी परत आली आणि तिच्यासोबत ई-पासही. पुण्यात राहणाऱ्या माणसाला साताऱ्याला आजारी आईकडे जायचं असेल तर पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, कारण लिहायचं, कागदपत्रं जोडायची आणि वाट बघायची. पुणे शहरातले हे पास पोलीस आयुक्तालय देत होतं. आयुक्त तेच होते.